अल्हाट साहेबांच्या कमानी

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने, आणि शक्य असल्यास त्यांनी उभं राहून ऐकावं अशा सुरात, कळवण्यात येते की नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, देशाचे दरवाजे नुकतेच किलकिले झालेले असताना आणि नोएडातल्या आमच्या सेक्टरात रस्त्यांपेक्षा रस्त्यांच्या पाट्या जास्त असताना, केंद्र सरकारच्या भूकंपमापन खात्यातले श्री. शांतवन अल्हाट, राहणार दुसरा मजला, मूळ जिल्हा अहमदनगर, वय वर्षे सत्तावन्न, यांनी एक स्पोर्ट्स कार विकत घेतली.

हे वाक्य मी त्या हिवाळ्यात निदान शंभर लोकांना ऐकवलं. 'स्पोर्ट्स कार'च्या आधी मी अर्धा क्षण थांबायचो. समोरच्याचा चहाचा कप तोंडाजवळ थबकला की मला कृतार्थ वाटायचं. मी तेव्हा पर्यटन खात्यात होतो, अल्हाटांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहायचो, आणि आपण सांगितल्याशिवाय जगात काही घडतच नाही अशी माझी समजूत होती.

गाडी इंग्रजी बनावटीची, हिरवी आणि जवळजवळ माझ्या वयाची होती. कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी परतताना ती दिल्लीत टाकून गेला होता. दोनच माणसांची जागा, वर कापडी छत, छताला भोकं. बुटकी तर इतकी, की सेक्टरातली भटकी कुत्रीसुद्धा तिच्याकडे वरून बघायची. आमच्या सोसायटीत सगळे केंद्र सरकारचे नोकर. स्कूटरी, चार-दोन नव्या छोट्या मोटारी, आणि त्यांच्या रांगेत ही अशी अंग टाकून पडलेली. मी सगळीकडे सांगून टाकलं की साहेबांना निवृत्तीपूर्वीचं तारुण्य आलं आहे.

"वर जाऊन विचार ना त्यांना," माझी बायको मीना म्हणाली.

"विचारलं की मजा जाते."

"तुझी जाईल. त्यांचं काय?"

शेवटी गेलो. आणि माझी मजा गेली ती गेलीच.

अल्हाटांच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीशी एक खाट होती, आणि खाटेवर बाई होत्या. त्यांचं नाव सुगंधा, पण सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणायची, कारण दर शनिवारी त्या आमच्या मुलांना मराठी शिकवायच्या. आमची मुलं दिल्लीत वाढलेली. त्यांच्या मराठीला 'बिल्कुल' आणि 'अच्छा' यांची ठिगळं लागलेली. खाटेभोवती सतरंजी टाकून ती बसायची आणि बाई पडल्या पडल्या शिकवायच्या. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, उंबरठा म्हणजे काय?" बाई म्हणाल्या, "तुमच्या फ्लॅटांना जो नसतो आणि मला अडीच वर्षांत जो ओलांडता आलेला नाही, तो."

त्यांच्या पाठीच्या कण्याचे दोन मणके क्षयाने खाल्ले होते. आजार बरा झाला, दोन ऑपरेशनं झाली, पण कणा काही परत मिळाला नाही. ताठ बसलं तर दहा मिनिटांत कळा सुरू व्हायच्या. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की पाठ मागे रेललेली आणि पाय लांब पसरलेले असे बसवा, मग दोन-तीन तास बसतील. पण धक्का बसता कामा नये. ऑपरेशननंतर अँब्युलन्सने घरी आणताना जो प्रवास झाला त्याचं दुखणं त्यांना दीड महिना पुरलं होतं. तेव्हा त्यांनी जाहीर केलं होतं, "या गाडीतून मी आता एकदाच जाईन, आणि तेव्हा मला विचारू नका."

पाठ रेललेली, पाय लांब पसरलेले. मी खिडकीतून खाली त्या हिरव्या गाडीकडे पाहिलं आणि मला कळलं. तिच्यात माणूस बसत नाही, जवळजवळ झोपतो.

अल्हाट साहेबांनी मापाची फीत घेऊन दिल्लीतली प्रत्येक शोरूम पालथी घातली होती. तेव्हा नवनव्या शोरूम निघत होत्या. टाय लावलेली तरुण मुलं आदबीने दार उघडून धरायची. एकाने विचारलं, "सर, माइलेज बताऊँ?" साहेब म्हणाले, "माइलेज छोड़िए. इसमें आदमी लेटता कितना है?" आणि त्या मुलाच्या देखत बूट काढून नव्या कोऱ्या सीटवर आडवे झाले. पाय समोर आपटले. उठले, फीत गुंडाळली, आभार मानले. असं बारा ठिकाणी झालं. तेरावी ही.

"पण जायचंय कुठे?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "तीस वर्षं हा माणूस सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी गप्प होऊन परत येतो. एकतीस मार्चला रिटायर होतोय. कुठे जातो ते मला एकदा बघायचंय."

हिंदूराव हॉस्पिटलच्या पुढे रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या टेकडीवर, कीकराची काटेरी झाडं आणि माकडं यांच्यामध्ये त्यांची वेधशाळा होती. तळघरात उपकरणं, वरच्या खोलीत कागद गुंडाळलेला नोंदीचा दंडगोल, त्यावर रात्रंदिवस टेकलेली लेखणी. माणूस जवळून चालला तरी लेखणी रेघेला दाते काढते. म्हणून साहेबांनी तिथे पाहुणा कधी येऊ दिला नाही. साहेबांचे वरिष्ठ येणार असले तरी त्यांची गाडी लांब थांबवत. बायकोने पहिल्या दहा-पंधरा वर्षांत तीन-चारदा विचारलं असेल. ते म्हणाले होते, घरच्या माणसाच्या पावलांनी सरकारी नोंद बिघडलेली बरी दिसणार नाही.

"तेव्हा ती चालत येऊ शकत होती," हे साहेब मला एकदाच म्हणाले, आणि मग बराच वेळ हातातला पाना पुसत बसले.

या नोकरीने त्यांच्या अंगाला एक वळण लावलं होतं. ते दार दोन्ही हातांनी लावायचे. त्यांनी कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. कप तिथे उगवल्यासारखा दिसायचा. कायम रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट. जिन्यात पाऊल वाजलं की घरात बसून सांगायचे कोण चाललंय. मला पहिल्या भेटीतच म्हणाले, "तुम्ही डाव्या टाचेवर फार भार देता." मी घरी येऊन बूट पाहिले. डावी टाच झिजून तिरकी झाली होती.

एकदा संध्याकाळी चहाच्या वेळी खरोखरच जमीन हलली. दिल्लीत हलते तशी, पंखे झुलले, भांडी किणकिणली. अख्खी इमारत खाली धावली. मी मीनाचा हात धरून धावलो, आणि मैदानात पोचून धापा टाकताना वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत साहेब उभे होते, घड्याळाकडे बघत ओठ हलवत. पहिला हिसका आणि दुसरा हिसका यांच्यामधले सेकंद ते मोजत होते. मग खाली वाकून शांतपणे म्हणाले, "लांब आहे. हिंदुकुशात. या वर."

जिना चढताना मला माझ्याच पायांची लाज वाटत होती. आपल्या डोक्यावर एक बाई राहते आणि तिला धावता येत नाही, हे मला मैदानात पोचल्यावर आठवलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो. बाईंनी मला सोडवलं. "अहो, सगळी बिल्डिंग खाली आणि आम्ही दोघंच वर," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर इतका एकांत पहिल्यांदाच."

आता गाडीकडे येतो. गाडीचं इंजिन ठीक होतं. रोग होता मागच्या चाकांवर. तिथे लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगा असतात. दिल्लीत त्यांना कमानी म्हणतात, आणि एकेका पट्टीला पत्ता. एका कमानीचा मुख्य पट्टा तडकलेला, दुसरीचे पट्टे गंजून एकमेकांना चिकटलेले, दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होतं. खड्ड्यात चाक गेलं की गाडी मागून लाथ मारायची. म्हणजे मागच्या चाकांवरचं सगळंच बदलायचं, एकतीस मार्चच्या आत. आणि हे काम साहेब घरीच करणार होते, कारण गॅरेजात लोक हातोडा वापरतात.

"हातोडा म्हणजे कबुली," ते म्हणायचे. "आपल्याला कळलं नाही, याची."

सोसायटीचे सेक्रेटरी त्रिपाठीजी तक्रार घेऊन आले. पार्किंगमध्ये ठोकाठोकी चालणार नाही, बाकीच्यांना त्रास होतो. साहेब म्हणाले, "जिस दिन आवाज़ आए, उसी दिन बंद कर दूँगा." त्रिपाठीजी पुढे महिनाभर रोज बाल्कनीत कान लावून उभे राहत होते. आवाज आला नाही. गंजलेल्या प्रत्येक नटावर साहेब सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी तेलाचे चार थेंब सोडायचे आणि संध्याकाळी परत आल्यावर पाना लावून फक्त विचारायचे, येतोस का. नाही आला तर पुन्हा तेल. एक नट अकरा दिवसांनी आला. सुटलेला प्रत्येक तुकडा पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीने जागा आणि तारीख.

कमानी घेऊन आम्ही माझ्या स्कूटरवरून मोरी गेटला नसीमभाईंकडे गेलो. साठीचे कमानीवाले उस्ताद, सगळं आयुष्य ट्रकांच्या पोटाखाली गेलेलं. त्यांनी नव्या कमानी बांधायचं कबूल केलं आणि उदार मनाने म्हणाले, "एक-एक पत्ता ऊपर से डाल दूँ. फिर चाहे सीमेंट लाद लेना."

"डालिए मत. एक-एक निकालिए," साहेब म्हणाले. "नरम चाहिए. मेरी पत्नी बैठेंगी."

नसीमभाईंनी भट्टीवरून नजर उचलली. "साहब, सारी दिल्ली यहाँ पत्ते डलवाने आती है. निकलवाने आप पहले आए हैं."

नरम म्हणजे किती, हे ठरवायची साहेबांची रीत मी विसरणं शक्य नाही. त्यांनी गाडीची सीट उचकटून वर घरात आणली, एका फळीवर बसवली आणि बाईंना तीत रेलून बसवलं. मग फळीखाली चर्चचं भजनांचं पातळ पुस्तक सरकवलं आणि झटकन ओढून काढलं. फळी पुस्तकाच्या जाडीइतकी खाली आदळली.

"दुखलं?"

"नाही."

मग शब्दकोश. तो ओढला.

"दुखलं?"

"छे. मजेत आहे मी. याच्याहून जाड काही असेल तर आणा."

साहेब बाईंच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते पायांच्या बोटांकडे. बोटं मुठीसारखी आवळली गेली होती. त्यांनी शब्दकोश कपाटात ठेवला आणि म्हणाले, "भजनांचं पुस्तक चालतं. शब्दकोश नाही."

"मला जायचंय हो," बाई हळूच म्हणाल्या. "थोडं दुखलं तर दुखू दे."

"दुखलं तर मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरेन. मग?"

सगळं काय पणाला लागलंय ते मला तेव्हा कळलं. परत फिरले असते ते, नक्की. तो माणूस तसाच होता.

मग त्यांनी तुपाचा रिकामा डबा, गजराच्या घड्याळाचं यंत्र, एक पितळी वजन आणि बॉलपेनची रिफिल यांचं छोटंसं उपकरण केलं. डब्यावर कागद गुंडाळलेला. धक्का बसला की रिफिल वर-खाली रेघ ओढायची. पुन्हा फळी, पुन्हा भजनांचं पुस्तक. रेघ जिथवर पोचली तिथे वर-खाली लाल पेन्सिलीच्या दोन ओळी. या दोन ओळींच्या आत सगळी दिल्ली बसली पाहिजे. नव्या कमानी येईपर्यंत ते उपकरण माझ्या स्कूटरच्या पायांमधल्या जागेत बांधून आम्ही रविवारी रस्ते पारखत फिरलो. लांबचा पण गुळगुळीत रस्ता ठरला. कुठल्या सिग्नलनंतर डावीकडून जायचं, पुलाच्या कुठल्या सांध्यावर गाडी चालण्याच्या वेगाने न्यायची, हे सगळं त्यांनी कागदावर उतरवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी नव्या कमानी चढल्या, नवे शॉकअप चढले, कमानींच्या टोकांतले रबरी बुश चढले. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उभी, मागची चाकं हवेत लोंबत. साहेबांनी एकेक बोल्ट मापात कसला. गाडी खाली उतरवली. उपकरण सीटवर बांधलं, फेरी मारली. कागद पाहिला, तर रेघ लाल ओळींच्या बाहेर, वर-खाली, करवतीसारखी. जुन्या कमानींपेक्षा वाईट.

त्यांनी सगळं सोडलं, तपासलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मार्चचे बारा दिवस गेले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं बसताना खुर्चीचा आवाज करताना ऐकलं. वर बाईंनी शनिवारचा वर्ग घेतला, पण मुलांना लवकर सोडलं.

मी कुणाला न विचारता मोरी गेटला गेलो आणि नसीमभाईंना स्कूटरवर बसवून नोएडाला आणलं. ते गाडीखाली डोकावले, एका बुशवर अंगठा दाबला आणि बाहेर आले.

"कसा कब था, जनाब? गाड़ी घोड़ी पर थी?"

"हाँ. घोड़ी पर."

"बस. हवा में कसा है, तो हवा में ही ठीक चलेगी. पहले ज़मीन पर उतारिए, सवारी बिठाइए, फिर कसिए."

गोष्ट साधी होती. चाक लोंबत असताना बोल्ट कसला की आतलं रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. मग गाडीचा भार आला की ते पिळवटतं आणि प्रत्येक खड्ड्याशी भांडतं. दिल्लीतल्या कुठल्याही गॅरेजातला माणूस ही चूक करणार नाही. ती साहेबांनीच केली, कारण तीस वर्षं त्यांच्या खात्यात उलटा नियम होता. उपकरण बसवताना आधी सगळे स्क्रू घट्ट करायचे, आणि मग अलगद लंबकावरची पकड सोडायची.

साहेबांनी नसीमभाईंचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. दार लावताना धरायचे तसाच.

सवारी बसवायची म्हणजे किती वजनाची? बाईंचं वजन एक्केचाळीस किलो राहिलं होतं. साहेब म्हणाले, सीटवर आट्याची पोती ठेवू, बरोबर एक्केचाळीस.

"आणि ड्रायव्हरच्या जागी?" मी विचारलं.

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "तुम्ही माझ्याहून चार किलो जास्त आहात. बूट काढून बसा."

वरून बाईंचा निरोप आला, मीनाकरवी. "माझ्या वजनाची पोती कशाला? मी आहे ना अजून."

साहेब नको म्हणाले. बाईंनी दुसरा निरोप पाठवला, की पोती दुखलं तर सांगत नाहीत.

हा पेच असा होता, की भूकंप खात्याकडे त्याला उत्तर नव्हतं. शेवटी एका रविवारी सकाळी सीटला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, बाईंना तीत रेलवलं, आणि मी, त्रिपाठीजी, नसीमभाई आणि समोरच्या ब्लॉकातले एक दक्षिणेकडचे गृहस्थ अशा चौघांनी ती सीट दोन मजले खाली उतरवली. साहेब पुढे उलटे चालत, एकेक पायरी मोजत. त्रिपाठीजी घामाने भिजले आणि पुटपुटले, "धीरे, भाईसाहब, धीरे," जणू ठोकाठोकीची तक्रार करायला आलेला माणूस दुसराच कुणी होता.

अडीच वर्षांनी बाई घराबाहेर आल्या. गाडीची चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर होती, सगळा भार चाकांवर. सीट जागेवर बसली. मी बूट काढून ड्रायव्हरच्या जागी बसलो. आयुष्यात मला अनेक भूमिका मिळाल्या, पण निव्वळ वजन म्हणून वाट्याला आलेली ती एकच, आणि ती मी चोख बजावली. साहेब पाना घेऊन खाली सरकले. त्यांचे फक्त कॅनव्हासचे बूट बाहेर दिसत होते.

मार्चचं कोवळं ऊन होतं. सावरीच्या झाडावर लाल फुलं होती. बाई ती बघत होत्या. मुलं लांबून हात हलवत होती. मी वजन असल्यामुळे बोललो नाही.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "अहो, झालं का?"

गाडीखालून आवाज आला, "एक राहिला."

दहा मिनिटं गेली.

"अहो?"

"एक राहिला."

"मघाशीही एकच राहिला होता."

"तो वेगळा."

आणखी पंधरा मिनिटं. खाली पान्याचा आवाज येत नव्हता. तसा त्यांचा कधीच येत नसे, पण त्या वेळी बूटही हलत नव्हते.

"सहाच बोल्ट आहेत ना हो?" बाई म्हणाल्या. "मी तुमच्या कागदावर बघितलंय."

मग खालून, अगदी हळू, "ऊन चांगलं आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. त्यांनी हात खाली सोडून गाडीच्या पत्र्यावर, बरोबर साहेबांच्या वर असेल तिथे, तळवा ठेवला. सहा बोल्टांना सव्वा तास लागला.

त्या दुपारी फेरी मारली तर रेघ दोन लाल ओळींच्या मध्ये, कुठेही न शिवता, पुलावरसुद्धा.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते सांगायला मला आवडत नाही. त्यानंतर बाई दीड वर्ष होत्या. त्या काळात हिरवी गाडी पाच-सहा वेळा निघाली. एकदा चर्चला, एकदा नुसतीच यमुनेपर्यंत. बाई गेल्यावर साहेब लग्न झालेल्या मुलीकडे गुडगावला राहायला गेले, नव्या उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर. ती इमारत वाऱ्याने हलते असं ते मला फोनवर सांगायचे, तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून. आता तेही नाहीत. गाडी कुणी नेली मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते एकतीस मार्चचे अल्हाट साहेब.

सकाळी नऊला निघालो. हिरवी गाडी पुढे, मागे स्कूटरवर मी आणि मीना. वेग ताशी वीस. आम्हाला सायकली मागे टाकत होत्या, एक उसाच्या रसाची गाडी मागे टाकून गेली. एका सिग्नलला नव्या मोटारीतल्या पोराने काच खाली करून सुनावलं, "अंकल, चलानी नहीं आती तो बेच दो." साहेबांचे हात चाकावरून हलले नाहीत. बाई मागे रेललेल्या, डोळ्यांवर मीनाचा काळा चष्मा, म्हणाल्या, "बेटा, पूरी दिल्ली में इन्हीं को आती है."

वेधशाळेच्या आवारात शिरल्यावर इमारतीपासून बऱ्याच अंतरावर एक पाटी होती, वाहने येथेच थांबवावीत. ती साहेबांनीच लावलेली. पहारेकरी सलाम करून म्हणाला, "साहब, आज तो अंदर तक ले जाइए."

"आज तो बिल्कुल नहीं," साहेब म्हणाले, आणि गाडी पाटीला लावून थांबवली.

तिथून चार सहकाऱ्यांनी बांबूंवर सीट उचलली. निरोप समारंभासाठी खात्यातले पंचवीस-तीस लोक हार घेऊन जमले होते; ते आपोआप दोन्ही बाजूंना सरकले आणि चवड्यांवर चालू लागले. खोली लहान, अर्धवट अंधारी. मध्यभागी हळूहळू फिरणारा तो दंडगोल, त्यावर पांढरा कागद, आणि कागदावर टेकलेली बारीक लेखणी. आम्ही आत आलो तशी लेखणीने दाते काढले. साहेबांनी सवयीने नोंदवही ओढली. वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. तीस वर्षांत त्या रकान्यात ट्रक, माकडं, आंधी आणि दूरदूरचे पर्वत येऊन गेले असतील. त्यांनी लिहिलं, 'निरीक्षकाची पत्नी'. आणि खाली सही केली.

सीट दंडगोलासमोर ठेवली. सगळे भिंतीला टेकून स्तब्ध उभे राहिले, हारांची फुलंसुद्धा हलू न देता. लेखणी हळूहळू निवली. मग ती सरळ चालू लागली, केसासारखी रेघ, पुढे, पुढे, नुसती पुढे. साहेब सीटच्या पाठीमागे उभे होते, एक हात सीटच्या कडेवर. ते काही समजावून सांगत नव्हते. माझ्या लक्षात आलं की ते दंडगोलाकडे बघतच नाहीयेत. ते बघतायत बाईंच्या पायांच्या बोटांकडे. बोटं सैल होती.

पाच मिनिटं गेली असतील. वरिष्ठ घड्याळाकडे बघू लागले. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, थोडं पुढे वाकून ती रेघ पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्या भरल्या, श्वास धरून उभ्या असलेल्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या,

"तीस वर्षं हेच बघत होतात तुम्ही? अहो, यात तर काहीच होत नाहीये."